फादरांची चाल

पोरांनी तिचं नाव पियानोबाई ठेवलं होतं. नव्या बाईंना नाव पडायला एरवी एक सहामाही तरी जाते. हिला पहिल्याच आठवड्यात पडलं, कारण गाण्याच्या तासाला हॉलमध्ये शिरल्यावर ती पोरांकडे बघायच्या आधी पियानोकडे बघायची. कान भलता तिखट. शेजारच्या वर्गात बाक सरकलं तरी हिच्या कपाळाला आठी. घरी किटलीने शिट्टी मारली की नवरा ओरडायचा, "आई, उतरव लवकर, नाहीतर हिला ताप येईल!"

आणि नेमकी अशी बाई येऊन पडली ती या शाळेत, जिथं शाळेचं गाणंच सगळे चुकीचं म्हणत होते.

गाणं तसं साधं, तीन कडव्यांचं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच ओळ, 'देवा, तुझ्या दारी आलो.' पियानोजवळच्या जुन्या स्वरलिपीच्या वहीप्रमाणे त्यातल्या 'दारी'वर सूर वर चढायचा, तिथं जरा थांबायचा आणि मग सावकाश उतरायचा. ज्याने कुणी ही चाल बांधली, त्याने सगळं गाणं त्या एका चढासाठी बांधलं असणार. आणि शाळा काय करायची? ऐन तिथं येऊन धाडकन खाली घसरायची. बालवाडीपासून दहावीपर्यंत झाडून सगळे. एक पोर म्हणून वर जात नव्हतं.

याचं मूळ म्हणजे फादर. फादर या शाळेत आले तेव्हा त्यांचे केस काळे होते. आले भूगोल शिकवायला आणि राहिले ते राहिलेच. वर्गात नकाशे, संध्याकाळी कच्च्या पोरांचा जादा अभ्यास, पावसात गळणाऱ्या छपराखाली बादल्या, सगळीकडे फादर. आवाज दणदणीत, आणि सुराशी सात जन्मांचं वैर. पण शाळेत नवीन आलेलं पोर फाटकाशी रडायला लागलं की त्याला हाताशी धरून मैदानाला चक्कर मारायची आणि चालता चालता हे गाणं म्हणायचं, हा त्यांचा नेम. त्यामुळे गाणं पोरं पियानोवरून शिकलीच नाहीत. फादरांच्या तोंडून शिकली. मग मोठी झाली, त्यांची पोरं त्याच शाळेत आली, आणि चूक अशी पिढीजात झाली.

पियानोबाईच्या घरीच दोन नमुने होते. सासूबाई त्या शाळेच्या, नवराही त्याच शाळेचा. सासूबाई शेंगा सोलताना गुणगुणायच्या आणि 'दारी' आलं की घसरायच्या. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो काचा पुसता पुसता शीळ घालायचा आणि त्याच खड्ड्यात पडायचा.

"आई, तिथं सूर वर जातो," लग्नाला महिना होतो न होतो तोच तिने सांगून पाहिलं होतं.

"काही वर जात नाही. आम्ही लहानपणापासून म्हणतोय."

"अगं, तुझंच काहीतरी चुकतंय," नवरा आतून म्हणाला.

एका घरात दोघं एका बाजूला म्हटल्यावर तिने कानाला खडा लावला. शाळेतही गप्पच राहिली असती. पण फादरांच्या निवृत्तीचा दिवस ठरला. रविवारी ते निवृत्त धर्मगुरूंच्या घरी राहायला जाणार होते, आणि आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार होता. मुख्याध्यापिका सिस्टरांनी पियानोबाईला ऑफिसात बोलावून घेतलं.

"बिशप स्वतः येणार आहेत," सिस्टर म्हणाल्या. "तरुणपणी ते चर्चमधलं गायन शिकवायचे. कान तुमच्यासारखाच. तेव्हा शाळेचं गाणं कसं नेमकं झालं पाहिजे." मग चष्मा काढून पुसत त्या म्हणाल्या, "तुम्हाला कायम करायचा विषय पुढच्या बैठकीत आहे. हे मी मुद्दाम सांगत नाहीये हं."

म्हणजे मुद्दामच सांगत होत्या. पियानोबाईला ते लागायचं तिथं बरोबर लागलं. आजवर तिने कुणाच्या बाळंतपणाच्या, कुणाच्या आजारपणाच्या रजेत बदली शिक्षिका म्हणून दिवस काढले होते. पोरांची नावं पाठ होईतो शाळा सोडायची वेळ यायची. या शाळेत पहिल्यांदाच तिने स्वतःचा कप आणून ठेवला होता.

तिने गाणाऱ्या मुलांना कामाला लावलं. 'दारी'पाशी आणून थांबवायची, वरचा सूर वाजवायची, पुन्हा म्हणून घ्यायची. पोरं आधी हसली, मग वैतागली, आणि शेवटी एकदाची वर चढली. पहिल्यांदा सगळ्यांचा सूर नेमका लागला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. एवढं सुंदर गाणं, आणि इतकी वर्षं कुणी ते ऐकलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सराव चालू असताना फादर आले. मागच्या दाराशी उभे राहिले, दोन ओळी कौतुकाने ऐकल्या आणि मग राहवेना म्हणून स्वतःही सुरू झाले. 'दारी' आलं. फादर खाली गेले, आणि त्यांच्या मागोमाग सगळी पोरं मेंढरांसारखी खाली. आठवडाभराची मेहनत एका ओळीत पाण्यात.

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शाळा सुटल्यावर ती नकाशांच्या खोलीत गेली. फादर जुने नकाशे गुंडाळून त्यांना दोऱ्या बांधत होते.

"फादर, एक सांगायचं होतं. गाण्याबद्दल."

"छान बसवलंय हो! पोरं काय गातात!"

"त्या 'दारी'च्या जागी... सूर वर जातो, फादर. आपण सगळे खाली म्हणतो. म्हणजे, तुम्ही म्हणता म्हणून सगळे म्हणतात." आणि तिने तिथल्या तिथं हळू आवाजात दोन्ही गाऊन दाखवलं, आधी बरोबर, मग त्यांचं. कशाला दाखवलं, हा प्रश्न तिला नंतर छळणार होता. पण सूर म्हटलं की हिचं तोंड आवरत नसे.

फादरांचे हात दोरीवरच राहिले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय, फादर?"

"मी कधीपासून चुकीचं म्हणतोय?"

आता काय सांगणार? "बहुतेक पहिल्यापासून," ती म्हणाली.

फादर खुर्चीवर बसले. "तुमच्या आधीचे सर त्या ओळीला पियानोवरून हात उचलायचे," ते म्हणाले. "दर वेळी. मला वाटायचं, म्हातारे झालेत, बोटं दुखत असतील. मी त्यांना मलमसुद्धा आणून दिलं होतं. घेतलं हो त्यांनी."

पियानोबाईला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. "शनिवारी तुम्ही नुसते ओठ हलवलेत ना, तरी..."

"छे छे, ओठसुद्धा नको. ओठ हलले की मागून माझा आवाज येतोच." आणि ते हसले. "बरं झालं सांगितलंत, बाई. खरंच बरं झालं."

ते हसले म्हणून तीही हसली. एवढं अवघड काम इतकं सोपं झालं, या आनंदात घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला फादर नेहमीच्या जागी उभे होते, हात मागे बांधून, तोंड बंद. गाणं झालं, पण कुणीतरी भिंत काढून घेतल्यासारखं वाटत होतं. पोरं माना वळवून बघत होती. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली की फादरांचा घसा बसलाय, जाण्याचं दुःख दुसरं काय. पियानोबाईने वह्यांत डोकं घातलं.

त्याच आठवड्यात एक नवी मुलगी शाळेत आली होती. वडिलांची बदली झालेली, त्यामुळे वर्षाच्या मधेच प्रवेश घेतलेला. रोज सकाळी ती फाटकाची सळई धरून भोकाड पसरायची. पियानोबाई खिडकीतून बघत होती. फादर गेले, मुलीचा हात धरला, मैदानाला चक्कर मारायला लागले. सगळं रोजच्यासारखं, फक्त गाणं नव्हतं. एक चक्कर झाली, दुसरी झाली. मुलगी रडतच होती. फादर वाकून तिला काहीतरी सांगत होते, झाडं दाखवत होते, पण छे! शेवटी घंटा झाली आणि ती हुंदके देतच वर्गात गेली. पियानोबाईला त्या दिवशी डबा गेला नाही.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे दुपारच्या सुट्टीत हॉलमधल्या पियानोला कुणीतरी हात लावत होतं. एका बोटाने टकटक, टकटक. ती जिना उतरून येईतो आवाज बंद व्हायचा आणि झाकण उघडं सापडायचं. आधीच डोकं फिरलेलं, तिने सातवीच्या वर्गाला जाऊन चांगलं फैलावर घेतलं. "आम्ही नाही बाई, शप्पथ," पोरं म्हणाली. पोरं असंच म्हणणार.

घरी सासूबाईंना बातमी लागलीच. अशा बातम्यांना पाय असतात.

"फादरांना काय बोललीस तू?" त्यांनी सरळ विचारलं.

"जे खरं ते सांगितलं, आई. शनिवारी बिशपांसमोर..."

"खरं!" सासूबाईंनी हातातलं भांडं ओट्यावर आदळलं. "मी पहिल्या दिवशी त्या फाटकाला लटकून बसले होते. माझ्या आईने माझी बोटं सोडवली आणि मागे न बघता निघून गेली. फादर रागावले नाहीत, चुचकारलं नाही. म्हणाले, चल, मैदान बघून येऊ. आणि गायला लागले. इतकं भयंकर गात होते गं, की मी रडायची थांबून त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले."

"मग?"

"मग काय, शिकले मी ते. तुला चूक वाटते ती चूक. मला शाळा म्हटलं की तेच ऐकू येतं."

रात्री जेवताना त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. नवऱ्याने मीठ मागितलं तेसुद्धा खुणेने.

शुक्रवारी तिने फादरांना जिन्यात गाठलं. "फादर, प्रार्थनेला म्हणत जा ना तुम्ही. मी चुकले. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तुम्ही कुठं चुकलात?" फादर म्हणाले. "शिकतोय मी अजून." आणि खांद्यावर नकाशे घेऊन खाली उतरले. या वयातही थट्टा सुचते, असं तिला वाटलं आणि आणखीच वाईट वाटलं.

शनिवारी हॉल गच्च भरला. आजी, आई, नात अशा तीन-तीन पिढ्या एका बाकावर. सासूबाई पुढून तिसऱ्या ओळीत, ठेवणीतले कपडे घालून, सुनेकडे न बघता. मंचावर बिशप, सिस्टर आणि मधे फादर, नव्या झग्यात अवघडून बसलेले. भाषणं झाली. जो तो उठून सांगत होता की फादरांनी मला अमुक शिकवलं, तमुक शिकवलं. एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की भूगोल काही आला नाही, पण छपराखाली बादली कुठं ठेवायची ते फादरांमुळे अजून कळतं. फादर सगळ्यांना हात जोडत होते. मग सिस्टरांनी पियानोबाईकडे बघून मान हलवली.

पोरांनी गाणं उचललं. त्यांच्याबरोबर अख्खा हॉल उठून उभा राहिला आणि गायला लागला. 'देवा, तुझ्या...' इथपर्यंत सगळं एक होतं. मग पोरं वर गेली आणि हॉल खाली. क्षणभर नुसता कल्ला. खालचे लोक दचकले, काही वर जायला निघाले, काही मधेच अडकले, आणि मग एकेक जण ओशाळून गप्प झाला. पोरांनी ओळ एकट्यांनी पुरी केली. अगदी नेमकी. बिशपांनी मान डोलावली. सिस्टरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

पियानोबाईने हॉलकडे पाहिलं. मोठी मोठी माणसं शाळेत चोरी पकडल्यासारखी खाली बघत उभी होती. सासूबाईंचे ओठ घट्ट मिटलेले. आणि मंचावर फादर, तेही तोंड मिटून, स्वतःच्या निरोपाला पाहुण्यासारखे.

हे काय करून बसलो आपण, असं तिला झालं. दुसरं कडवं सुरू झालं होतं, बोटं आपोआप चालत होती. कायम करायचं तर करा, नाहीतर नका करू, तिने मनाशी म्हटलं. 'दारी' जवळ आलं तशी ती स्टुलावर गर्रकन हॉलकडे वळली, पियानोवरचे दोन्ही हात उचलले आणि सगळ्यांना दिसेल असा तळवा खाली दाबला. खाली! खाली चला!

पोरांना काय, तेच हवं होतं. अख्खी शाळा, आजी-माजी, नवे-जुने, एकदमच त्या खड्ड्यात उतरली. हॉलच्या काचा थरथरल्या. सासूबाई तोंड उघडून गात होत्या आणि गाल पुसत होत्या. पियानोबाई स्वतः खालच्या सुरात गात होती, जन्मात पहिल्यांदा, जाणूनबुजून.

आणि त्याच क्षणी मंचावर फादर उठून उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि गायले. वर!

एकटे. आवाज जरा फाटला, पण सूर लागला. नेमका, बिनचूक, जिथं लागायला हवा तिथं. तो त्यांनी धरून ठेवला, सावकाश उतरवला आणि पियानोबाईकडे बघितलं, गणित सुटलेलं पोर बघतं तसं.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुपारची ती टकटक. उघडं झाकण. शिकतोय मी अजून. आणि आपण सातवीच्या पोरांना झाडलं! ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तिसरं कडवं पियानोशिवायच झालं. हॉल दणकून खाली, फादर ठामपणे वर. कुणीच कुणाला सोडलं नाही.

टाळ्या थांबल्यावर बिशप सिस्टरांकडे झुकले. "शेवट दोन सुरांत बसवलाय का? वरचा एकट्याला दिलाय. छान कल्पना!"

सिस्टर त्याच शाळेच्या, त्याही खालूनच गायल्या होत्या. "आमच्या बाई फार मेहनती आहेत," त्या गंभीरपणे म्हणाल्या, आणि पियानोबाईकडे बघून ओठांतल्या ओठांत हसल्या. बैठकीत काय होणार ते तिला तेवढ्यावर कळलं.

गर्दीतून वाट काढत सासूबाई आल्या. इतक्या दिवसांचं मौन सुटलं. "सगळं छान झालं गं," सुनेचा हात दाबत त्या म्हणाल्या. "फक्त फादर तेवढे चुकले शेवटाला. वय झालं बिचाऱ्यांचं."

फादर सगळ्यात शेवटी भेटले, हॉलमधल्या खुर्च्या उचलत असताना. त्यांच्याही हातात दोन खुर्च्या होत्याच.

"बाई, आलं का बरोबर?"

"आलं, फादर. अगदी बरोबर आलं."

"तुमच्या पियानोवर बसायचो दुपारी. सातवीला उगाच बोलणी बसली, त्यांना सांगा." मग खुर्च्या खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पण मला एक कळलं नाही. बाकीचे सगळे खाली कसे गेले?"

"त्यांना तुम्ही शिकवलंय ना," ती म्हणाली. "ते आता काही सुधारत नाहीत."

फादर इतके हसले की त्यांना त्याच खुर्चीवर बसावं लागलं.

रविवारी ते गेले. सोमवारी सकाळी ती नवी मुलगी फाटकाची सळई धरून रडत होती. आया समजावत होती, शिपाई खोटं खोटं घड्याळ दाखवत होता, कशाचा उपयोग नव्हता. पियानोबाई खिडकीतून जरा वेळ बघत राहिली. मग खाली उतरली, मैदान ओलांडून गेली आणि तिच्यापुढे हात केला.

"चल, मैदान बघून येऊ."

अर्धी चक्कर होईपर्यंत मुलगी रडतच होती. पियानोबाईने इकडे तिकडे पाहिलं. जवळपास कुणी नव्हतं. तिने घसा साफ केला आणि गाणं सुरू केलं. 'देवा, तुझ्या' पर्यंत तिचा आवाज कसा स्वच्छ होता. मग 'दारी' आलं आणि ती फादरांसारखीच धाडकन खाली गेली.

मुलगी रडायची थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दोघी मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागल्या.